रुग्णाला काय वाटतं, हे विचारायला शिकवा

२०१९ मध्ये एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला आणि वृत्ती, नीतिमत्ता व संवाद शिकवणारं ‘एटकॉम’ मेडिकल कॉलेजांत आलं. सोबत पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला फाउंडेशन कोर्स आला, त्यात स्थानिक भाषेचे तास. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातल्या. राजस्थान-केरळहून लातूर-यवतमाळला येणाऱ्या मुलांना हे तास हवेतच. मला जास्त काळजी वाटते ती मराठी मुलांची. भाषा येते म्हणजे माणूस कळला, असं ती धरून चालतात.

मधुमेहाची मावशी ओपीडीत येते. साखर वाढलेली. ‘उपवास बंद करा,’ असं डॉक्टर सांगतो. मावशी मान डोलावते, उपवास करतेच आणि पुढच्या खेपेला त्याबद्दल बोलत नाही. एकादशीला दोन वेळा साबुदाण्याची खिचडी, म्हणजे नुसता स्टार्च. एखादी बाई काहीच न खाता नेहमीची गोळी घेते आणि साखर उतरून चक्कर येऊन पडते. ‘उपवासाला काय खाता? त्या दिवशी गोळी कधी घेता?’ एवढं विचारलं तर वाट निघते. रमजानमध्ये सहरी आणि इफ्तार पाहून डोस बदलता येतो, तसंच हेही.

हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७८ मध्ये सहकाऱ्यांसोबत हीच दिशा दाखवली. हा आजार कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, त्याची भीती कशाची वाटते, हे रुग्णालाच विचारा. पुढे अमेरिकेतल्या वर्गांत मात्र अमुक समाज असा, तमुक समाज तसा, अशी पाठांतराची कोष्टकं शिरली. त्यावर १९९८ मध्ये टर्व्हालॉन आणि मरे-गार्सिया या दोघी डॉक्टरांनी सांगितलं, की संस्कृतीत पारंगत होणं हे ध्येयच नको, डॉक्टरने नम्र राहून आयुष्यभर शिकत राहावं. मला हे शंभर टक्के पटतं. ‘आदिवासी रुग्ण’ या नावाचा एक परिच्छेद पाठ केलेला विद्यार्थी समोरच्या माडिया बाईला काहीच विचारणार नाही.

आपल्याकडे याचा धडा जुना आहे. १९६९ मध्ये सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या सेवाग्रामच्या कॉलेजात नवी मुलं आधी गांधीजींच्या आश्रमात राहतात, मग प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने दवाखाना बांधण्याआधी गोंड लोकांनाच विचारलं. मोठ्या इमारतीची त्यांना धास्ती होती. म्हणून गावासारखा, झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा. नाव दिलं दंतेश्वरी देवीचं. आता देशभर मेडिकलच्या विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक योजना आली आहे. पण फॉर्म भरून, फोटो काढून बसने परतायचं असेल तर त्यातून काही हाती लागणार नाही.

आणि जातीचं काय? वॉर्डात कुणाला ‘अहो’ आणि कुणाला ‘ए’, कुणाच्या कॉटशी राउंड थांबतो आणि कुणाला ओलांडून जातो, हे विद्यार्थी रोज पाहतात. शिकतात ते तिथेच. सर ओरडले की एटकॉमचा तास पुसला जातो. त्यामुळे प्रशिक्षण आधी प्राध्यापकांना द्यायला हवं.

विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत एटकॉमवर प्रश्न येतो, तो गाइड वाचून सुटतो. प्रॅक्टिकलला मांडायच्या केसमध्येच, मुख्य तक्रारींच्या लगेच खाली, ‘रुग्णाच्या मते काय झालं आहे’ ही ओळ सक्तीची करावी आणि ती कोरी असेल तर गुण कापावेत. त्याला नवा विषय लागत नाही, नवा निधीही नाही.