गोळी चुकते कुठे?

केस परत आलेत, कॉलेज सुरू झालंय, सलाइनच्या बाटल्या मागे पडल्यात. ‘अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’ या रक्ताच्या कर्करोगात उपचारांचा सर्वांत लांब टप्पा याच काळात घरी चालतो. मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. अंगात काही दुखत-खुपत नसताना हा क्रम वर्ष-दोन वर्षं पाळायचा असतो.

गोळ्या चुकतात त्या इथे. अमेरिकेत डॉ. स्मिता भाटिया आणि सहकाऱ्यांनी मर्कॅप्टोप्युरिनच्या बाटल्यांना चिप असलेली झाकणं बसवली. झाकण उघडलं की तारीख आणि वेळ नोंदली जाई. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९५ टक्क्यांपेक्षा कमी डोस घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका सुमारे अडीच पट आढळला. महिन्यात दोन गोळ्या राहिल्या तरी ही रेषा ओलांडली जाते! बारा वर्षांपुढची मुलं जास्त गोळ्या चुकवत होती. कारण बहुतेक वेळा एकच: विसरलो.

मग घरोघरी “घेतलीस का?” सुरू होतं आणि “हो गं आई!” हे उत्तरही. पण झाकणांच्या नोंदींशी ताडून पाहिलं, तेव्हा सांगितलेल्या गोळ्या अनेकदा जास्त भरल्या.

कॅलिफोर्नियातल्या ‘होपलॅब’ या संस्थेने वेगळी वाट धरली. त्यांच्या ‘री-मिशन’ या व्हिडिओ गेममध्ये रॉक्सी नावाची नॅनोबॉट रुग्णाच्या शरीरात शिरून केमोथेरपीच्या अस्त्राने कर्करोगाच्या पेशी टिपते. १३ ते २९ वयाच्या ३७५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. सगळ्यांना इंडियाना जोन्सचा एक साधा गेम मिळाला, साधारण निम्म्यांना जोडीला ‘री-मिशन’ही. २००८ साली निकाल आले. जंतुसंसर्ग टाळणाऱ्या प्रतिजैविकाचे डोस ‘री-मिशन’ खेळणाऱ्यांनी सुमारे ६२ टक्के घेतले, इतरांनी ५३ टक्के. औषध शरीरात काय करतं हे हाताखालून गेल्याने फरक पडला असावा. सगळा प्रश्न मात्र सुटला नाही.

भाटियांच्या गटाने पुढे मुलगा आणि पालक या दोघांच्याही मोबाइलवर रोज संदेश पाठवून पाहिले, गोळी पालकांसमोर घ्यायला सांगितली. एकूण निकाल बेताचाच होता, पण बारा वर्षांपुढच्यांत सुधारणा दिसली.

नियम सैल करूनही मदत होते. मर्कॅप्टोप्युरिनची गोळी रात्रीच, दुधाशिवाय घ्यावी, असं पूर्वी सांगत. २०१७च्या अभ्यासात वेळेने किंवा दुधाने आजार उलटण्याच्या धोक्यात फरक दिसला नाही. त्यामुळे क्लासवरून उशिरा परतणाऱ्या मुलाने डॉक्टरांना विचारून सकाळची वेळ ठरवायला हरकत नाही. मेथोट्रेक्सेटचा वार मात्र कॅलेंडरवर ठळक लिहायचा. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. एखादा डोस राहिलाच, तर दुसऱ्या दिवशी मनाने दुप्पट न घेता डॉक्टरांना फोन करायचा.