विद्यार्थ्याचे मन आणि शाळा

‘समुपदेशन’ हा शब्द आता परिपत्रकांतून शाळांपर्यंत पोहोचला आहे. परंतु तो उच्चारताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते उपदेशाचेच चित्र. मुलाला समोर उभे करावे, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात आणि ‘समजलं ना?’ असे विचारून वर्गात धाडावे! उपदेशात मोठा माणूस बोलतो व मूल ऐकते. समुपदेशनात, निदान आरंभी तरी, मुलाने बोलायचे आणि मोठ्याने ऐकायचे असते. आम्हा शिकवणाऱ्या मंडळींना हे फार जड जाते.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास आपल्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. दहावीची परीक्षा तेव्हा चालू होती. धक्का सर्वांनाच बसला, त्यामुळे त्याविषयी जो तो बोलला आणि भीती वाटली गेली. गणिताच्या पेपरची धास्ती, परगावी गेलेल्या आईबापांची आठवण, नववीतच ठरू घातलेले लग्न, यांचा धक्का मात्र एकट्या मुलाला बसतो. शेजारच्या बाकावरही तो जाणवत नाही.

दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातील कितीतरी जोडपी ऊसतोडीला बाहेर पडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मागे आजीजवळ राहिलेल्या मुलाचे शालेय वर्षातले ऐन महत्त्वाचे महिने असे जातात. त्याचे गुण घसरले तर आपण कारण अभ्यासात शोधतो. तो स्वतः ‘मन लागत नाही’ असे क्वचितच म्हणेल. ‘डोकं दुखतं’, ‘पोटात कळ येते’ असे म्हणेल. दुखणे खोटे नसते. औषध द्यावेच, पण सोबत ‘घरी कोण कोण असतं?’ एवढा एक प्रश्नही विचारावा.

ऐकण्यालाही काही रीत आहे. चार शिक्षकांसमोर कुणी मन उघडे करीत नाही. ‘तुझ्यापेक्षा गरिबांची मुलं बघ’ हे वाक्य तर बोलणे तिथेच थांबवते. जगणे नकोसे झाल्याचे मूल सुचवीत असेल, तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे शांतपणे, सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, हा समज चुकीचा आहे. विचारल्याने बहुधा मोकळे वाटते. उत्तर होकारार्थी आले तर मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांची मदत घ्यावी.

‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र आधीच देऊन बसू नये. मुलाच्या जिवाला धोका असेल तर ते मोडावे लागते. लैंगिक अत्याचार कळल्यास तो पोलिसांना कळवण्याचे बंधन २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर घातले आहे. अठराच्या आतल्या मुलीचे लग्न ठरत असेल तर १०९८ वर कळवता येते. तेव्हा ‘तुझ्या जिवाला धोका असला किंवा कायद्याने भाग पडलं, तरच सांगेन, आणि तेही आधी तुला विचारात घेऊन,’ एवढेच प्रामाणिकपणे म्हणावे.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावा. सेनगाव-औंढ्याच्या आडगावी असा माणूस मिळवणे सोपे नाही. तो येईपर्यंत वर्गशिक्षकच पहिला. त्याने वैद्य होऊ नये. ओळखावे, ऐकावे आणि पुढे धाडावे.

धाडण्यासाठी ‘टेली-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, ती अहोरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. पण फळ्याशेजारी क्रमांक रंगवून काम भागत नाही. घरातला फोन बहुधा वडिलांच्या खिशात असतो. म्हणून शाळेतला एक फोन, मधल्या सुट्टीत, दार लोटून घेता येईल अशा खोलीत, कारण न विचारता मुलांना मिळाला पाहिजे.