गाडी उभी, मग ड्रायव्हर मोकळा?

मुधोळ म्हटले की आमच्या कन्नड विभागातील मित्रांना शिकारी कुत्री आठवतात. ते घोरपड्यांचे मुधोळ, बागलकोट जिल्ह्यातले. माझे मुधोळ तेलंगणातले, भैंसा आणि बासर यांच्या दरम्यानचे. १९५६ पर्यंत ते नांदेड जिल्ह्यात होते, नंतर आदिलाबादमध्ये गेले आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. जिल्हे बदलले, आमच्या घरातली मराठी बदलली नाही. तेथे घडलेल्या एका प्रसंगामुळे मला प्रस्तुत विषयाकडे वळावे लागले.

माझे मामा ट्रक चालवतात. २०१८ च्या पावसाळ्यात सरकीची पोती भरून ते भैंशाहून निजामाबादकडे निघाले असता दुपारी बारा वाजता मुधोळजवळ क्लच प्लेट जळली. गाडी ओढून मिस्त्रीकडे आणली. रात्री आठपर्यंत मामा मिस्त्रीबरोबर गाडीखाली होते. रात्रभर पाऊस, ताडपत्री आणि माल सांभाळत ते व क्लीनर गाडीतच राहिले. सकाळी दहापर्यंत पुन्हा खटपट. प्लेट बाहेरगावाहून संध्याकाळपर्यंत यायची होती, म्हणून क्लीनरच्या हाती किल्ली देऊन ते आमच्या घरी आले, जेवले आणि झोपले. चारला परत गेले. गाडी चालू व्हायला रात्रीचे अकरा वाजले. तेवढ्यात मालकाचा फोन : "दोन दिवस बसूनच होतास ना? नीघ आता."

मामा निघाले. नवीपेठच्या अलीकडे डोळा लागला आणि डावे चाक रस्त्याखाली उतरले. दैव बरे, गाडी उलटली नाही. मालकाच्या वहीत मात्र त्या दोन दिवसांपुढे लिहिले होते : 'गाडी बंद. ड्रायव्हर आराम.' भत्ताही कापला गेला.

आता हिशेब पाहू. बिघाडापासून गाडी सुटेपर्यंत पस्तीस तास झाले. त्यांतले मोकळे तास किती? सहा! बाकीचे एकोणतीस वहीत आरामाच्या खात्यावर पडले.

कायदा याबाबतीत मालकापेक्षा शहाणा आहे. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ याने कामाच्या तासांची व्याख्या केली ती अशी की, कामगार मालकाच्या स्वाधीन असतो तो काळ म्हणजे कामाचा काळ. गाडी चालण्याच्या वेळेबाहेर केलेल्या कामाला तेथे 'सहायक काम' म्हटले आहे, आणि गाडीची देखभाल व दुरुस्ती त्यात स्पष्टपणे येते. माल चढवणे-उतरवणेही येते. याउलट, गाडी ठरावीक वेळेपेक्षा अधिक थांबली आणि माणूस आपला वेळ हवा तसा घालवण्यास मोकळा असला, तर तो काळ वगळावा. म्हणजे चाक फिरते की नाही हा प्रश्नच नव्हे. माणूस मोकळा आहे की नाही, हा प्रश्न. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तासांची विश्रांती असा तो नियम होता. बिघाड झाल्यास जादा तास काम घेण्याची मुभा होती, पण त्या जादा कामाला नियमांनी ठरवलेल्या दराने वेतन होते. पुढे हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामकाजाची परिस्थिती संहितेत सामावला गेला. ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि सहायक कामाची कल्पना तिच्यातही आहे.

मग मामांना भत्ता का मिळाला नाही? १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांना लागू होता. मामांच्या मालकाचे ट्रक दोन. दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर, एकूण चार माणसे. आपल्याकडचे कितीतरी ट्रक अशाच छोट्या मालकांचे असतात!

राखणीच्या रात्रीचे काय, हा खरा अवघड प्रश्न. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९१ मध्ये एक चोरवाट आहे. ड्रायव्हर काम करीत नसला पण त्याला गाडीजवळ थांबणे भाग असले, तर कोणत्या परिस्थितीत तो वेळ विश्रांतीचा मानावा हे राज्य सरकार ठरवू शकते. चहापुरत्या थांब्याला हे ठीक. पावसात माल राखण्याच्या रात्रीला मी तरी विश्रांती म्हणणार नाही. अमेरिकेत हा घोळ नियमानेच मिटवला आहे : बिघडलेली गाडी दुरुस्त करणे, मदत मिळवणे, तिच्यापाशी थांबून राहणे, हे सारे कामच. जबाबदारीतून सुटून माणूस खोलीवर गेला तर तो मोकळा. युरोपातील ट्रकांमध्ये टॅकोग्राफ नावाचे यंत्र असते. त्यावर विश्रांतीची खूण पलंगाची आणि इतर कामाची खूण एकमेकींवर ठेवलेल्या दोन हातोड्यांची. मामांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आपल्याकडं हातोडा असतो, पलंगच नसतो."

त्या प्रसंगानंतर मी त्यांना एक वही आखून दिली. तारीख, केव्हापासून, केव्हापर्यंत, ठिकाण, काय केले आणि किल्ली कोणाकडे. हे शेवटचे खाते मामांनी स्वतः वाढवले. किल्ली क्लीनरकडे किंवा मिस्त्रीकडे असेल आणि मालाची राखणही दुसऱ्याकडे असेल, तरच ते 'मोकळा' लिहितात. मिस्त्रीच्या बिलावर गाडी घेतल्याची व दिल्याची वेळ लिहून सही घेतात. पार्ट आणायला एस.टी.ने गेले तर तिकीट वहीत चिकटवतात. नोंद त्याच दिवशी करतात, कारण आठवड्याने लिहिलेले कोणी खरे मानत नाही.

मालक अजून तोच आहे. पुढल्या वर्षी भोकरजवळ गाडी दीड दिवस बंद पडली, तेव्हा त्याने वही मागवून घेतली, मिस्त्रीची सही दोनदा पाहिली आणि एका दिवसाचा भत्ता दिला. अर्ध्या दिवसाबद्दल अजून बोलणे चालू आहे.