खर्ज ऐकू येतोय का?

‘काय बेस आहे यार!’ हे वाक्य मावळात दोन ठिकाणी ऐकू येतं. एक तर वरातीत, डीजेच्या भिंतीसमोर छाती थरथरायला लागली की. आणि दुसरं वडगाव स्टेशनवरून पुण्याच्या कॉलेजला निघालेल्या एखाद्या घोळक्यात, एकाच इअरफोनचे दोन तुकडे दोघांच्या कानात असताना. शब्द तोच, अर्थ मात्र एकदम वेगळा. पहिल्या ठिकाणी बेस म्हणजे दणका. दुसऱ्या ठिकाणी बेस म्हणजे एक वाद्य, ते वाजवणारा माणूस आणि त्याची चाल.

प्रोग्रेसिव्ह रॉकच्या, म्हणजे लाडक्या भाषेत ‘प्रोग’च्या चाहत्यांची निम्मी भांडणं या दुसऱ्या बेसवरून होतात. लांबलचक गाणी, मध्येच बदलणारे ताल आणि बोलांइतकंच महत्त्व वाद्यांना, असा हा प्रकार. त्यातलं एक भांडण आपल्याला जवळचं आहे. कारण तो बँड मुंबईत येऊन वाजवून गेलाय.

एक बँड, दोन बेस

डिसेंबर २००९. पवईच्या आयआयटीचा मूड इंडिगो. मंचावर इंग्लंडचा पॉर्क्युपाइन ट्री. त्याच वर्षी त्यांचा ‘द इन्सिडंट’ अल्बम आला होता. त्यातली मुख्य रचना तब्बल ५५ मिनिटांची! कॉलेज फेस्टिव्हलमध्ये एवढी किचकट गाणी करणारा बँड मुख्य पाहुणा असतो, ही गोष्ट आजही जुने चाहते कौतुकाने सांगतात. गायक-गिटारिस्ट स्टीव्हन विल्सन आणि ड्रमर गॅव्हिन हॅरिसन यांच्याकडे सगळ्यांच्या नजरा. बेसवर होता कॉलिन एडविन. शांत, आपल्या जागेवर उभा राहून वाजवणारा.

एडविनची ओळख म्हणजे फ्रेटलेस बेस. गिटारच्या दांडीवर ज्या आडव्या पट्ट्या असतात त्या फ्रेट, म्हणजे सतारीच्या भाषेत पडदे. ते काढून टाकले की सूर एका जागेवरून दुसरीकडे घसरत, गोलाई घेऊन जातो. सतार आणि सरोदमधला फरक आठवा. सरोदला पडदे नसतात, म्हणून तिची मींड तशी सलग वाटते. फ्रेटलेस बेसचं तेच.

२०१० नंतर बँड थांबला. २०२१ मध्ये परतला तो एडविनशिवाय. २०२२ च्या ‘क्लोजर/कंटिन्युएशन’ अल्बमवर बेस खुद्द विल्सनने वाजवलाय. त्यातलं ‘हॅरिडन’ सुरूच होतं बेसने, तेही पाच मात्रांच्या हिशोबात, खणखणीत आणि पुढे घुसणारं. दौऱ्यावर बेस आला नेट नवारो या नव्या वादकाकडे. झालं, चाहत्यांत दोन तट पडले. एक म्हणतो, ‘एडविन गेला आणि गाण्यांतला श्वास गेला.’ दुसरा म्हणतो, ‘उलट आता कुठे बेस नीट ऐकू यायला लागला.’

मला विचाराल तर दोघंही एकच गोष्ट सांगतायत. चारातला एक माणूस बदलला आणि अख्ख्या बँडचा स्वभाव बदलला. तोही असा माणूस, ज्याच्याकडे मंचावर फारसं कुणी बघत नव्हतं.

हे आपल्याला नवीन नाही

आपल्याकडे याला नाव आहे: खर्ज. गावातल्या भजनात पखवाजाच्या डाव्या तोंडाला मळलेली कणीक लावतात, ती कशासाठी? तो आवाज खाली उतरावा, भरदार व्हावा म्हणून. कणीक कमी-जास्त झाली की वादक थांबतो, नीट करतो, मगच पुढे जातो. टाळ कितीही खणखणले तरी अभंग उभा असतो त्या ‘धूम’वर. तानपुऱ्याची शेवटची तारही खर्जाचीच. ती बंद करा, गायकाच्या पायाखालची जमीन गेल्यासारखी वाटते.

प्रोग रॉकने या जमिनीलाच चालायला लावलं. ‘येस’ बँडच्या ख्रिस स्क्वायरने बेसचा आवाज दोन वाटांनी पाठवला. खालचा भाग स्वच्छ, भरीव आणि वरचा भाग गिटारसारखा करकरीत. १९७१ च्या ‘राउंडअबाउट’मध्ये बेस मागे लपतच नाही, तो गिटारशी जुगलबंदी करतो. ‘रश’चा गेडी ली तर बेस वाजवता वाजवता गायचा आणि पायाने पेडलवर आणखी सूर धरायचा. तीनच जण, पण आवाज पाच जणांचा.

तालाचं म्हणाल तर पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ लावा. सुरुवातीची बेसची चाल सात मात्रांची आहे. सात म्हणजे आपला रूपक. बोटांवर मोजून बघा, आठवी मात्रा शोधायला गेलात की अडखळाल. पुढे गिटारचा सोलो येतो तेव्हा गाणं सरळ चारात उतरतं आणि अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं. ही चाल रचणारा रॉजर वॉटर्स हा मुळात बेसवादक. फेब्रुवारी २००७ मध्ये त्याने मुंबईत एमएमआरडीए मैदानावर ‘डार्क साइड ऑफ द मून’ अख्खा वाजवला, त्यात हे गाणंही होतं.

मोबाइलवर का नाही कळत?

चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. हवेतली ती एक लाट आठ मीटरहून लांब असते. एवढी लाट मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून निघणार कुठून? तुम्हाला ऐकू येतात ते त्या सुराचे वरचे अंश, उरलेलं मेंदू भरून काढतो. इअरफोन बरे, पण कानात घट्ट बसले तरच. आणि लोकलमध्ये तर नकोच. गाडीची घरघर खालच्याच पट्टीतली, ती आधी बेसला गिळते, मग तुम्ही व्हॉल्यूम वाढवत बसता.

म्हणून लाइव्ह शो. तिथे तो सूर कानाआधी पोटात कळतो. पण लाइव्हमध्येही एक तक्रार हमखास असते, ‘बेस नुसता घुमत होता, एक सूर कळला नाही.’ कारण सोपं आहे. बेस आणि मोठा ड्रम एकाच पट्टीत भांडतात. बंद हॉलमध्ये लांब लाटा भिंतींवरून परततात, त्यामुळे काही सूर फुगतात, काही गायब होतात. कोपऱ्यात गडगडाट साचतो. तेव्हा स्पीकरला खेटून किंवा भिंतीला टेकून उभे राहू नका. साउंड इंजिनिअर जिथे मिक्सर घेऊन बसलाय, त्याच्या आसपास थांबा. तो जे ऐकून आवाज लावतोय, तेच तुम्हाला मिळेल.

आता खरी काळजीची गोष्ट. अमेरिकेच्या निऑश या संस्थेने कामगारांसाठी घातलेली मर्यादा अशी: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! शो असो की वरात, या आकड्याला माफी नाही. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. शोनंतर कानात ‘कुंई’ वाजत राहिलं तर ती मजेची खूण नाही, इशारा आहे. फोमचे इअरप्लग शंभराच्या नोटेत येतात. ते घातल्याने कुणी कमी कट्टर चाहता ठरत नाही. उघड्यावरचे लाउडस्पीकर नियमाने रात्री दहाला बंद होतात, कानांना सुटका तेवढ्यापुरतीच.

आणि शेवटी, ज्यांच्या गळ्यात बेस पडलाय त्यांच्यासाठी. कॉलेजचा बँड जमतो, तिघांना गिटार हवी असते, मग ‘तू बेस घे रे’ म्हणून एकाला ढकललं जातं. वाईट वाटून घेऊ नका. १९६१ मध्ये बीटल्सचा बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ बाहेर पडला, तेव्हा कुणालाच नको असलेला बेस पॉल मॅकार्टनीकडे आला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आज रात्री घर शांत झालं की तुमचं एखादं आवडतं गाणं लावा. आवाज मध्यम ठेवा. गायक विसरा, गिटार विसरा, फक्त खालच्या चालीचं बोट धरून शेवटपर्यंत जा. पहिल्यांदा ती दोनदा तरी निसटेल. तिसऱ्यांदा सापडली की ते गाणं तुम्हाला पूर्वीसारखं ऐकताच येणार नाही.