दुचाकीचा परवाना : सही करण्यापूर्वी प्रश्न वाचा

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी गाडीचा विषय निघतो. कॉलेज लांब आहे, एस.टी.ची वेळ जुळत नाही, क्लासला भल्या पहाटे जावे लागते, अशी कारणे मुले सांगतात आणि ती खोटीही नसतात. मग परवान्याचा अर्ज भरला जातो. पुष्कळदा तो मुलगा किंवा मुलगी स्वतः भरतच नाही. एजंट विचारून-न विचारता रकाने भरतो आणि आपण सही करून मोकळे होतो.

या अर्जासोबत ‘नमुना १’ असतो. अर्जदाराने आपल्या प्रकृतीविषयी स्वतः करावयाचे हे निवेदन आहे. आकडी येते का, नजर कशी आहे, रात्री दिसते का, हातापायात काही व्यंग आहे का, असे साधे प्रश्न त्यात विचारलेले असतात. हे प्रश्न सरकारी सोपस्कार म्हणून घातलेले नाहीत. प्रत्येक प्रश्नामागे अपघाताचे एक ठरलेले कारण आहे. म्हणून आज त्यांचा अर्थ पाहू.

वयाची अट

कायद्याप्रमाणे ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी पालकांच्या संमतीने १६ व्या वर्षी चालवता येते. त्यावरील दुचाकीला १८ वर्षे पूर्ण हवीत. आज रस्त्यावर दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटर बहुतेक १०० सीसीच्या वरच्या आहेत. त्यामुळे “गिअर नाही, म्हणजे सोळाव्या वर्षी चालते” हा समज चुकीचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने विनापरवाना गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. त्या मुलालाही वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

नजर

दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरच्या मोटारीच्या नंबरप्लेटवरील अक्षरे व आकडे वाचता आले पाहिजेत. ही परीक्षा घरच्या घरी घेता येते. उभ्या गाडीपासून साधारण ३५ पावले मोजा. आधी डावा डोळा झाका, मग उजवा. चष्मा असेल तर लावूनच वाचा. मात्र आपल्या गाडीचा नंबर पाठ असतो, तेव्हा शेजाऱ्याची गाडी घ्यावी. वाचता आले नाही तर घाबरू नये, डोळे तपासून घ्यावेत. बहुतेकांचे काम चष्म्याने भागते. फळ्यावरचे न दिसल्यामुळे शेजारच्या वहीतून उतरवून घेणारी मुले पुष्कळ असतात. घरात मात्र त्याचा पत्ता नसतो.

रातांधळेपणाचे तसे नाही. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने तो आला असेल तर उपचाराने बरा होऊ शकतो. परंतु डोळ्यातील पडद्याच्या काही आनुवंशिक विकारांतही रात्री दिसेनासे होते आणि त्यावर चष्म्याचा उपयोग नसतो. तिन्हीसांजेनंतर अंगणात ठेच लागत असेल, तर गाडीआधी डॉक्टरांकडे जावे.

लाल-हिरव्या रंगांत गोंधळ होणाऱ्यांना पूर्वी परवाना मिळणे कठीण होते. २०२० मध्ये नियम बदलला. सौम्य वा मध्यम स्वरूपाचे रंगांधत्व असणाऱ्यांना आता परवाना मिळू शकतो. तेव्हा हा दोष लपवण्याचे काही कारण उरलेले नाही.

आकडी आणि चक्कर

सर्वांत जास्त लपवला जाणारा प्रश्न हाच. मुलाचे लग्न व्हायचे असते, नाही तर दूध घालण्याचे किंवा पार्सल पोचवण्याचे काम गाडीवरच अवलंबून असते. म्हणून घरचेच सांगतात, “वर्षभर काही झालेले नाही, नाही म्हणून लिही.”

येथे साधा हिशेब करावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. दहा सेकंद शुद्ध हरपली तर शंभर मीटरहून अधिक अंतर गाडीवर कुणाचाच ताबा नसतो. चारचाकीत निदान भोवती पत्रा असतो. दुचाकीवर तोल गेला की शरीर थेट रस्त्यावर. मागे बहीण किंवा आई बसलेली असेल तर तीही.

प्रत्येक चक्कर म्हणजे अपस्मार नव्हे. उपाशी राहणे, रक्त कमी असणे, कानाचा दोष, मधुमेहाच्या औषधाने साखर एकदम उतरणे, यानेही भोवळ येते. कारण शोधले तर उपाय करता येतो. अपस्माराच्या बाबतीतही योग्य औषधे नियमित घेतल्यास १०० पैकी सुमारे ७० जणांच्या फीट थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे १ वर्ष फीट न आल्यास परवाना पुन्हा मिळू शकतो. आपल्या नमुन्यातील प्रश्नात अशी मुदत दिलेली नाही. म्हणून आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि खरे तेच लिहावे. परवाना मिळाला नाही तर अडचण होते, हे खरे आहे. पण एस.टी., भावाच्या मागे बसून जाणे, दुकानातले किंवा कार्यालयातले काम हे मार्ग असतात. गुंगी येते म्हणून गाडी चालवण्याच्या दिवशी गोळी चुकवणे हा मात्र सर्वांत घातक प्रकार. गोळी चुकली की फीट येण्याचा धोका वाढतो.

गुंगीवरून आणखी एक. सर्दी, खाज यांवरच्या पुष्कळ गोळ्यांनी झोप येते. अशी गोळी घेतली असेल तर त्या दिवशी गाडी चालवू नये.

ऐकू न येणे, हातापायातील व्यंग

या दोषांमुळे दार कायमचे बंद होत नाही. ऐकू न येणारी व्यक्तीही चाचणी उत्तीर्ण झाल्यास परवान्यास पात्र ठरते, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केले. पायात व्यंग असल्यास जादा चाके लावून बदल केलेल्या गाडीसाठी परवाना घेता येतो.

चाळिशीनंतर

चाळीस ओलांडलेल्यांना ‘नमुना १-अ’ म्हणजे डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ओळखीच्या डॉक्टरांकडून न तपासता सही घेण्यात कसलाही फायदा नाही. समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपणे ही मोतीबिंदूची सुरुवात असू शकते. डोळे, रक्तदाब आणि साखर यांची तपासणी या निमित्ताने करून घ्यावी.

महिनाभराचा सराव

शिकाऊ परवाना ६ महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतरच पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. हा महिना डोळे, हात, पाय आणि तोल यांची सांगड बसण्यासाठी आहे. या काळात शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे बसवू नये, असा नियमच आहे. मागे माणूस बसला की गाडीचा तोल बदलतो आणि ब्रेक लावल्यावर थांबायला अंतरही जास्त लागू शकते.

हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून हवे. तेही आय.एस.आय. चिन्हाचे आणि हनुवटीखाली पट्टा लावलेले. अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो असे दिसले आहे. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे गेली. त्यांत दर १०० मागे ४४ हून अधिक जण दुचाकीवरचे होते.

पालकांना एवढीच विनंती की, अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून ‘नमुना १’ मोठ्याने वाचावा आणि एकेका प्रश्नाचे उत्तर त्याच्याच तोंडून घ्यावे. ज्या प्रश्नाला तो अडखळेल, त्यासाठी आधी डॉक्टरांकडे जावे, मग आर.टी.ओ.कडे.