बोटांनी मोजलेला इंच

२९ जानेवारी २०११ रोजी फ्लोरिडातल्या डेटोना शर्यतपथावर मार्क रिकोबोनो यांनी फोर्ड एस्केप गाडी सुमारे दीड मैल चालवली. रिकोबोनो अंध आहेत. पुढच्या व्हॅनमधून त्यांच्या वाटेत खोकी टाकली जात होती. ती चुकवत त्यांनी शेवटी त्या व्हॅनलाही मागे टाकलं. गाडीवरचे लेझर संवेदक रस्ता टिपत होते. स्टीअरिंग किती वळवायचं ते हातमोज्यांची थरथर सांगत होती आणि वेग किती ठेवायचा ते आसनावरच्या पट्ट्यांची.

गाडी घडवली होती व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या डेनिस हाँग यांच्या चमूने. आव्हान दिलं होतं नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या अंधांच्या स्वतःच्या संघटनेने. आपोआप चालणारी गाडी करायची आणि अंध माणसाला आत बसवायचं, असं हाँग यांना आधी वाटलं होतं. संघटनेची अट मात्र वेगळी होती: गाडी अंध माणसाने हाकायची, निर्णय त्याचा. या अटीने प्रकल्पाची दिशाच बदलली. यंत्राला रस्ता कळणं पुरेसं नव्हतं. तो माणसाच्या त्वचेपर्यंत वेळेत कसा पोचवायचा, हे कोडं सोडवावं लागलं. याच प्रकल्पाची आधीची बग्गी २००९च्या उन्हाळ्यात मेरीलँड विद्यापीठात भरलेल्या युवा शिबिरात अंध मुलामुलींनी चालवून पाहिली होती.

निर्णय कोणाचा, हाच प्रश्न अंध विद्यार्थ्यांच्या अभियांत्रिकी उपक्रमांत पदोपदी येतो. प्रयोगशाळेत डोळस जोडीदार मोजणार, कापणार, चिकटवणार आणि अंध मूल शेजारी बसून उत्तर ऐकणार, ही जुनी वहिवाट. ती मोडायची तर हत्यारंच बदलावी लागतात.

मोजपट्टीचंच घ्या. अंध सुतार वापरतात ती पट्टी म्हणजे आटे पाडलेला दांडा. इंचाला १६ आटे. त्यावरची चाकी एक फेरी फिरवली की माप १/१६ इंचाने सरकतं, पाव फेरीला १/६४ इंच. आकडा वाचावा लागत नाही. फेऱ्या मोजत गेलं की झालं. आराखड्यासाठी रबरी फळीवर प्लास्टिकचा पातळ कागद ठेवतात. पेन दाबून ओढलं की रेघ उठून वर येते आणि काढता काढताच बोटाने तपासता येते. तराजू वजन बोलून दाखवतो. सुटे भाग काठ असलेल्या तबकात, ठरलेल्या जागी ठेवतात. एखादा भाग घरंगळला तर शोधण्यातच तास जातो.

आता काम द्या: आइसक्रीमच्या काड्यांचा फूटभर लांबीचा पूल करा. मुलं आधी रेघ उठवून आराखडा काढतात, मग जोडतात. पुलाला छोटी बादली अडकवून तिच्यात एकेक खिळा टाकत जायचं आणि दुसऱ्या हाताचं बोट पुलाच्या पोटाला लावून ठेवायचं. पूल वाकू लागला की बोटाला आधी कळतं, कोणता सांधा ढिला पडतोय तेही कळतं. चौकोन सरकतो, त्रिकोण सरकत नाही, हे इथे सांगावं लागत नाही. मग आराखडा बदलायचा, पुन्हा बांधायचं, पुन्हा तोलायचं. अभियंता याहून निराळं काय करतो?

तरीही एक शंका उरते: त्रिमितीची कल्पना डोळ्यांशिवाय होईल का? घनाकृती तिरकी कापली तर कापलेला पृष्ठभाग कसा दिसेल, हे विचारणारी एक प्रसिद्ध चाचणी अमेरिकेत १९३९पासून आहे. ती कागदावरच्या चित्रांची, म्हणून अंधांसाठी बंद. युटा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्याच साथीने तिचं स्पर्शरूप तयार केलं: घनाकृती हातात घ्यायची, उत्तरं बोटांनी चाचपायची. अवकाशाची जाण मोजताना इतकी वर्षं दृष्टीही त्यातच मोजली जात होती, हे त्यातून लक्षात येतं.

आपल्याकडेही बोटांना हे नवं नाही. अंधशाळांमधली टेलर पाटी पाहा. तिच्या अष्टकोनी भोकात एकच खिळा ८ दिशांनी बसतो. त्याची दोन्ही टोकं वेगळी, म्हणजे १६ खुणा. त्यावर मुलं गुणाकार-भागाकार सफाईने करतात. पुढच्या इयत्तांमध्ये आकृत्या येतात, प्रयोगशाळा येते आणि तिथे दार लागतं. आंध्रच्या श्रीकांत बोल्ला या अंध विद्यार्थ्याला अकरावीला विज्ञान घेण्यासाठी न्यायालयात जावं लागलं. पुढे ते अमेरिकेत एमआयटीत शिकले आणि परत येऊन त्यांनी कारखाना काढला.

आयआयटी दिल्लीत पांढऱ्या काठीवर बसवायचं ध्वनिलहरींचं उपकरण, ‘स्मार्टकेन’, घडलं आणि २०१४मध्ये लोकांच्या हाती आलं. साधी काठी जमिनीवरचा अडथळा सांगते. लोंबती फांदी किंवा उघडी खिडकी थेट कपाळावर येते. ही उणीव नेमकी कुठे बोचते, हे रोज काठी घेऊन चालणाऱ्यालाच ठाऊक. पण नवी उपकरणं घडवताना असा माणूस अनेकदा चाचणीपुरताच बोलावला जातो. आराखड्याच्या टेबलापाशी तो पहिल्या दिवसापासून हवा. त्यासाठी शाळेत गणित-विज्ञान सोडण्याची सवलत देण्याऐवजी जास्तीचा वेळ, रबरी फळी आणि हातात करवत द्यावी लागेल. करवतीची भीती बहुतेक वेळा डोळस शिक्षकांनाच वाटते. म्हणून पहिलं प्रशिक्षण त्यांचं, आणि शक्य तिथे ते देणारा अंध कारागीर असावा.