छातीतली नागफणी!

शिळफाट्यावर कधी पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघितलंय? ठाण्याजवळचा शिळफाटा नाही हं, तो वेगळा! आपला, खोपोलीचा.

ट्रकचा भोंगा. एसटीची घरघर. रिक्षावाल्यांच्या हाका. कढईत पडणाऱ्या वड्यांचं चर्रर्र! आणि एवढ्या गोंगाटात लांबून आईची हाक येते. ऐकू येते की नाही? येतेच! (नाही आली असं सांगून बघ. आईला पटतं का ते मला कळव.)

आता कान इकडे कर. तुझ्या छातीतही एक जण दिवसरात्र हाक मारतोय. दिवसाला एक लाखाच्या आसपास हाका! आणि ती हाक शोधणाऱ्या कॉम्प्युटरभोवती शिळफाट्यासारखाच गोंगाट असतो.

ओळख बरं कोण? हृदय!

पण हृदयाची ही हाक आवाजाची नाही. ती विजेची आहे!

हो, वीज! तुझ्या शरीरात! घाबरू नकोस, शॉक बसायचा नाही. टॉर्चचा एक सेल असतो ना, दीड व्होल्टचा? हृदयाची वीज कातडीवर मोजली तर त्याच्या साधारण दीड हजारावा भाग भरते. इतकी चिमुकली!

ती येते कुठून? हृदयात चार खोल्या असतात. दोन वर, दोन खाली. वरच्या उजव्या खोलीच्या भिंतीत पेशींचा एक छोटासा पुंजका आहे. तो म्हणजे शाळेतले घंटा देणारे शिपाईकाका! कोणी सांगायला नको, आठवण करायला नको. हे काका आपले आपण ठोका देतात. घंटा झाली की आधी वरच्या खोल्या आवळतात आणि रक्त खाली ढकलतात. मग वीज दाराशी क्षणभर थांबते.

का थांबते माहितेय? वरच्या वर्गातली मुलं जिन्यावरून खाली उतरेपर्यंत खालचं फाटक उघडायचं नसतं, म्हणून! रक्त पूर्ण खाली आलं की मग खालच्या खोल्या जोरात आवळतात. धप्प! रक्त निघालं अंगभर.

ही वीज कागदावर उमटवली की त्याला म्हणतात ईसीजी. पूर्ण नाव इलेक्ट्रोकार्डिओग्राम. एका दमात म्हणून बघ! आजोबांच्या फाइलमध्ये चौकटींच्या कागदावर वेडीवाकडी रेघ दिसते ना, तीच ही.

आता ती रेघ नीट बघ. मला तर ती आपल्या घाटासारखीच दिसते! आधी एक बुटकी टेकडी. मग थोडं सपाट. मग एकदम टोकदार सुळका, खोपोलीतून वर बघितलं की नागफणी दिसते ना, तस्सा! आणि पुढे पुन्हा एक गोलसर टेकडी. पहिली टेकडी म्हणजे वरच्या खोल्यांची वीज. सुळका म्हणजे खालच्या खोल्यांची. शेवटची टेकडी म्हणजे खालच्या खोल्या पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होतात तेव्हाची. या टेकड्या-सुळक्यांना नावं आहेत पी, क्यू, आर, एस, टी. ए-बी-सी-डी सोडून थेट पी!

ही नावं दिली नेदरलँड्समधल्या विलेम आइन्थोवेन यांनी. पण त्यांच्याआधी एका कुत्र्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती राहिली तर मला झोप यायची नाही!

लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर नावाचे शास्त्रज्ञ होते. 1887 साली माणसाच्या हृदयाची वीज शरीर न कापता, बाहेरूनच मोजून दाखवली ती त्यांनी. त्यांचा लाडका बुलडॉग होता जिमी. वॉलर त्याचे पंजे मिठाच्या पाण्यात ठेवायला लावायचे. मीठच का? कारण मिठाच्या पाण्यातून वीज सहज जाते! जिमी आपला शहाण्यासारखा उभा. आणि यंत्रावर त्याच्या हृदयाची वीज नाचतेय!

1909 साली लंडनच्या रॉयल सोसायटीत मोठमोठ्या लोकांसमोर हा प्रयोग झाला. मग काय झालं असेल? चक्क ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला की हा मुक्या प्राण्याचा छळ नाही का? मंत्र्यांनी सांगितलं, अहो, पाण्यात नुसतं मीठ होतं. तुम्ही कधी समुद्राच्या पाण्यात पाय बुडवले असतील तर कुत्र्याला काय वाटलं ते तुम्हाला कळेल! जिमीला यातलं काही कळलं नसणार. पण संसदेत गाजलेले कुत्रे जगात असे कितीसे असतील?

आइन्थोवेन यांनी पुढे याहून कितीतरी बारकाईनं मोजणारं यंत्र बनवलं. त्याचं वजन सुमारे 270 किलो! ते चालवायला पाच माणसं लागायची. आणि माणूस खुर्चीत बसून हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत घालायचा. धुणं भिजत घातल्यासारखा! या कामासाठी त्यांना 1924 चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आणि आज? मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. अणूंचा अभ्यास करणाऱ्या या संस्थेतल्या लोकांनी हातात मावेल एवढं ईसीजी यंत्र बनवलं. बिनतारी जोडणीनं ते मोबाइलला चिकटतं. मोबाइलवर रेघ उमटते आणि तिचं चित्र लांबच्या डॉक्टरांना पाठवता येतं! म्हणजे डोंगरातल्या वाडीत कोणाच्या छातीत दुखलं, तर माणूस शहरात पोचायच्या आधी त्याच्या हृदयाची रेघ पोचलेली असते. 270 किलोंवरून तळहातावर! पाण्याची भांडीही गेली. आता चिकट जेल लावतात. गार लागतं, गुदगुल्या होतात, एवढंच.

बरं, रेघ मिळाली. पण कॉम्प्युटरला ती वाचता कशी येते? त्याला तर फक्त आकडे समजतात! मग तो रेघेची उंची मोजत सुटतो. सेकंदाला 200 वेळा, कधी त्याहूनही जास्त. 200 वेळा धरलं तरी एका मिनिटात 12,000 आकडे! आपल्याला तेवढे नुसते लिहायला सांगितले तर मे महिन्याची सुट्टी पुरायची नाही.

आणि या आकड्यांत गोंगाट केवढा! श्वास घेतला की रेघ हळूहळू वरखाली डोलते. हात हलवला की स्नायूंचीही वीज त्यात मिसळते. (म्हणून तर ईसीजी काढताना स्वस्थ पडून राहायला सांगतात.) आणि तिसरा गोंगाट कसला, सांगू? घरातल्या विजेचा! भिंतीतल्या तारांमधली वीज सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होते, आणि तिची गुणगुण आपल्या अंगात शिरून रेघेत उतरते.

वीज म्हटलं की खोपोलीकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही! लोणावळा, वळवण इथल्या तलावांचं पाणी मोठाल्या नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली आणून टाटांनी 1915 साली आपल्या खोपोलीत वीज करायला सुरुवात केली. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. आपल्या गावाचा अभिमान! पण ईसीजी वाचणाऱ्या कॉम्प्युटरला विचार. तो म्हणेल, ही गुणगुण जरा बाजूला घ्या हो!

बाजूला कशी घेणार? 1985 साली जियापू पान आणि विलिस टॉम्पकिन्स या दोघांनी एक भारी युक्ती काढली. ती समजायला स्वयंपाकघरात चल.

आजी रवा चाळते तेव्हा दोन चाळण्या घेते. एकीत खडे अडतात, दुसरीतून भुकटी गळून जाते. मधला रवा उरतो. कॉम्प्युटरही तेच करतो. श्वासाचं संथ डोलणं एका चाळणीत अडकलं. विजेची घाईची गुणगुण दुसरीतून गळाली. मधली हृदयाची रेघ उरली!

मग तो चढ बघतो. बुटक्या टेकड्यांचा चढ सोपा, सुळक्याचा चढ दमवणारा. त्याला हवाय सुळका. म्हणून तो प्रत्येक चढाच्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणतो. वर्ग करतो, वर्ग! 2 चे झाले 4. पण 10 चे झाले 100! लहान लहानच राहिलं आणि मोठं एकदम राक्षस झालं. शिवाय उताराचा आकडा उणे असतो ना, त्याचंही काम झालं. उणे 10 गुणिले उणे 10 म्हणजे पुन्हा 100! चढ असो की उतार, सुळका उठून दिसणारच. वर्ग शिकून काय उपयोग असं पुन्हा म्हणशील?

मग येते उंच उडीची काठी. जो काठीवरून उडाला तो ठोका, जो खाली राहिला तो गोंगाट. पण काठी एकाच जागी नसते! ठोके दमदार असले तर कॉम्प्युटर ती वर नेतो, मंद असले तर खाली आणतो.

एक ठोका सापडला की पुढचा सेकंदाचा पाचवा भाग तो चक्क डोळे मिटतो. एवढ्या लवकर हृदय पुन्हा ठोका देऊच शकत नाही, मग बघायचं कशाला?

आणि ठोका वेळेवर आलाच नाही तर? खोपोली लोकलची वाट बघताना आपण काय करतो? गाडी यायची वेळ टळून गेली की शेजारच्या काकांना विचारतो, "काका, मघाशी गेली का हो?" अगदी तसंच! नेहमीपेक्षा फारच वेळ गेला, तर कॉम्प्युटर काठी निम्म्यावर आणतो आणि मागचे आकडे पुन्हा तपासतो. एखादा अशक्त ठोका गुपचूप गेला असेल तर सापडतो!

या युक्तीची परीक्षाही झाली. अमेरिकेत 1980 साली ईसीजींचा एक मोठा संग्रह तयार झाला होता. अर्ध्या अर्ध्या तासाच्या 48 नोंदी, एक लाखाहून जास्त ठोके. आणि एकेक ठोका डॉक्टरांनी डोळ्यांनी बघून खुणा केलेल्या! केवढा हा गृहपाठ! त्या पेपरात पान-टॉम्पकिन्स युक्तीला शंभरपैकी 99.3 गुण मिळाले. उरलेल्या 0.7 साठी डॉक्टर हवेतच. म्हणून कॉम्प्युटरनं वाचलेली रेघ डॉक्टर पुन्हा बघतात.

आता शेवटचं, आणि मला सगळ्यात आवडणारं. ठोके सापडले की कॉम्प्युटर दोन सुळक्यांमधलं अंतर मोजतो. तुला काय वाटतं, निरोगी हृदयात ही अंतरं अगदी सारखी असतील? घड्याळाच्या टिकटिकीसारखी?

चूक! मीही चुकलो होतो.

श्वास आत घेतला की हृदय जरा घाई करतं. सोडला की जरा सुस्तावतं. आपले शिपाईकाका श्वासाकडे कान देऊन घंटा देतात! आणि मुलांमध्ये हा फरक छान ठळक असतो. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेव. ठोका लागला? आता हळूच लांब श्वास घे. आता हळूच सोड.

जाणवलं?

मग हेच आजोबांच्या मनगटावर करून बघ. वय वाढलं की हा फरक कमी होत जातो, त्यामुळे तिथे तुला फारसा सापडायचा नाही. फक्त आधी आजोबांना सांगून ठेव. नाहीतर तू गंभीर चेहऱ्यानं नाडी धरून बसल्यावर ते ईसीजीची फाइल शोधायला उठतील!